उसवायचे टाके

वेफर म्हणाल्या डॉक्टरीणबाई, आणि माझ्या डोळ्यापुढं
बटाट्याच्या वेफर्सची तेलकट पुडी आली.
हसू फुटलं. नको त्या जागी फुटतंच.
राजारामपुरी, तिसरा मजला,
उजेडाच्या पाटीवर लटकलेलं शालनचं डोकं
आणि गाठ काढली तिथं एक खळगा,
लिंबाएवढा.

त्या खळग्यात आठ चकत्या लावल्यात,
शिंत्रेबाई सांगत होत्या. सदऱ्याच्या बटणाएवढ्या, पांढऱ्या,
कणकेत मीठ मळावं तसं औषध मळलेल्या.
काढायला कधी आणू हिला?
काढायच्या नसतात, म्हणाल्या. जातात.

जातात म्हणजे?
मी व्हटकर. सुभाषनगरात पायताणं करतो.
आमच्यात गेलं म्हणजे गिऱ्हाईक बोंबलत परत येतं.
खिळा न मारता, नुसत्या वादीनं शिवलेला तळ
पाण्यात, चिखलात, उसाच्या सरीत
वर्षानुवर्षं सुटू नये
म्हणून बापानं माझ्या बोटांवर रापीची मूठ हाणली होती.
आणि ही बाई सांगते,
उसवण्यासाठीच शिवलंय.

पाणी लागलं की वरचा टाका तुटतो,
मग त्याखालचा.
साबणाच्या वडीगत वरवरनं झिजायचं,
आतला गाभा कोरडाच.
एकदम विरघळलं तर औषध एकदम सांडेल,
नाहीच विरघळलं तर आतच अडकेल.
कुणीतरी, कुठंतरी,
किती दिवसांनी कुठला टाका तुटावा
हे मोजून शिवलं असणार.
त्या कारागिराला मला एकदा बघायचंय.

आणि तुटल्यावर?
दोन जातीचे तुकडे पडतात, त्या म्हणाल्या.
एक मूत्रपिंडातनं लघवीवाटे.
दुसरा यकृतात जातो, अंग त्याला तेलातुपासारखं जाळतं,
उरलेलं श्वासातनं बाहेर.
हा दुसरा, बरं का, एरंडाच्या तेलापासून करतात.

एरंडेल!
माझ्या ठोकळ्याशेजारी बाटली असते कायम.
नवं पायताण चावू नये म्हणून
शालनच चिंधीनं चोळते ते, कानांना, अंगठ्याला.
वीस वर्षं तिच्या हातांना त्याचा वास.

त्या रात्री वॉर्डात स्टुलावर बसून
तिचा श्वास मोजला.
डोक्याला पांढरी पट्टी, नाकाखाली माझा तळहात.
ऊन हवा.
ह्यातनं किती गेलं आता? ह्यातनं?
नर्सबाईंनी हटकलं, काका, झोपा की जरा.
लघवीची पिशवी बदलायला मावशी आली
तेव्हा मी उठून उभाच राहिलो.
का, ते तिला कसं सांगणार?

औषध पहिल्या आठवड्यातच बरंचसं संपतं.
चकत्या दोन-तीन आठवडे.
मी चपलांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर
एकवीस रेघा मारल्या.
अठराव्या दिवशी ती म्हणाली, आमटी अळणी झाली.
वहीत लिहून ठेवलं तेपण.

तिसऱ्या महिन्याच्या फोटोत मात्र
खळग्याच्या काठाला पुसट कड दिसली.
घाबरलो. गेलं नाही होय?
बाई म्हणाल्या, सांगाडा राहतो कधीकधी काही महिने,
त्यात आता बहुतेक पाणीच.
मग चष्मा काढून म्हणाल्या,
चकत्यांची काळजी नको, त्या दिलेलं काम करून जातात.
गाठीचं तसं नसतं, व्हटकर.
मी मान हलवली.
जायला नको ते टिकायला मागतं,
हे कुठल्या शाळेत शिकायला लागतं?

दवाखान्याच्या आधी एका जोडाची वेणी
अर्धी राहिली होती तिची.
परवा मागितली.
उजवा हात अजून चुकतो. तीन पदरी पट्टी
मध्येच सैल, मध्येच ओढलेली,
एके ठिकाणी तर वेणी नव्हेच, नुसता गुंता.
बरी झालीय का? विचारलं तिनं.
मी म्हटलं, उसव आणि परत घाल.
ती थांबली. मग एकेक पदर सोडवायला लागली,
सावकाश, टोकाकडनं,
ओठ जरासे उघडे ठेवून.
मी चिंधी एरंडेलात बुडवली.